भिंतीपलीकडचं पाणी

भिंतीपलीकडे कुणीतरी बादली भरत होतं.

मी मशीनवर बसले होते. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि एका लग्नाचे सात ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. पाय आपोआप थांबले. रिकाम्या पितळी बादलीत धार पडते तेव्हा आधी खणखणीत आवाज येतो, मग बादली भरत जाईल तसा तो चढत जातो. हा आवाज मी नऊ वर्षं ऐकत आले होते. आमच्या गल्लीत पाणी आल्याची वर्दी अंबूकाकूंच्या बादलीनेच मिळायची. सवयीने मी उठले, कळशी घेतली, दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले.

अंबूकाकूंना आम्ही आदल्या दिवशी पोचवून आलो होतो. घराला कुलूप होतं, दाराला बाभळीची फांदी बांधलेली होती आणि मागच्या-पुढच्या दोन्ही कुलपांच्या किल्ल्या माझ्या कपाटात होत्या.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तेव्हा आमच्या गावाला सहा दिवसांआड नळाचं पाणी यायचं, तेही दुपारी दोनला, आणि पाऊणएक तासात जायचं. टेकाची गल्ली नावाप्रमाणेच चढाची. खाली माझं घर, माझ्या भिंतीला भिंत लावून काकूंचं, त्याच्या वर दोन घरं, आणि अगदी टेकावर रत्नाचं. पाण्याला जोर नसायचा, म्हणून ज्याला जमलं त्याने जमीन खणून नळ खड्ड्यात उतरवला होता. काकूंचा खड्डा न्हाणीतच होता आणि सगळ्यांत खोल, कमरेएवढा. रत्नाच्या घराखाली काळा पाषाण. तिथे पहार टेकवली तर ठिणग्या उडायच्या, खड्डा कुठला!

पण काकूंचा खड्डा खोल असून कुणी कधी तक्रार केली नाही, कारण त्या घेत होत्या तरी किती! दोन बादल्या आणि एक घागर भरली की त्यांचा नळ बंद. सहा दिवस तेवढ्यावर काढायच्या. परातीत उभं राहून दीड तांब्यात अंघोळ, परातीतलं पाणी शेवग्याला. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला. भांडी राखेने कोरडी घासून, पुसून, मग एकाच टोपात बुचकळायची. पाहुणा आला तर अर्धा पेला पाणी, वर म्हणायच्या, "लागलं तर अजून मागा, लाजू नका." माझ्या घरात येऊन माझा नळ बंद करून जायच्या आणि मलाच सुनवायच्या, "शालन, तुझ्या हाताला भोक आहे बघ." मी तोंडावर हसायचे, पाठीमागे चिडायचे. गल्लीतल्या बायका त्यांना थेंबमोजी म्हणायच्या. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

त्या गेल्या पंचकात. विधी सांगायला आलेल्या स्वामींनी पंचांग उघडलं, बोटं मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, या घरात दिवासुद्धा ठेवायचा नाही. पुढचं कार्य मुलाच्या घरी करा. सूर्य मावळायच्या आत घर बंद करा आणि सहा महिने उघडू नका. मधे जो उघडेल त्याच्या घरावर संकट येईल, कारण पंचकात गेलेलं माणूस एकटं जात नाही, मागोमाग पाच जणांना नेतं. काकूंचा मुलगा श्रीपती इचलकरंजीला मागावर कामाला होता. त्याने घाईघाईने कुलपं घातली, कुणी उघडू नये म्हणून दाराला बाभळीची फांदी बांधली, रात्री आमच्याकडे टेकला, सकाळी राख सावडली आणि किल्ल्या माझ्या हातात देऊन दहाची एसटी धरली.

आणि दुपारी दोनला पलीकडे बादली भरायला लागली.

मी भिंतीला कान लावला. बादली भरली. मग वाहतं पाणी, संथ, कुणी फरशी धुतंय असं. थोड्या वेळाने भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज. टण्. थांबून पुन्हा टण्. पाऊण तासाने पाणी गेलं, आणि मग आणखी एक आवाज आला. कुणीतरी तहानेलं माणूस मोठमोठे घोट घेत होतं. एक, दोन, तीन. मग एक लांब सुस्कारा, आणि सगळं गप्प.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "चार दिवस जागरण झालंय तुला. झोप." मी झोपले. सहा दिवसांनी पाणी आलं तेव्हा तो घरी होता. त्याने ऐकलं, पान तोंडातच राहिलं, आणि त्यानंतर पाण्याच्या दिवशी तो दुपारचा घरी थांबेनासा झाला.

महिन्याभरात गल्लीला कळलं. कुणी म्हणे, काकू अंघोळ करतात. कुणी म्हणे, जन्मभर जपलं ते आता वसूल करतायत. घरामागे ओढ्याच्या अंगाला काकूंच्या मोरीचं तोंड निघायचं. तिथे भर दुष्काळात अळू माजलं होतं, परातीएवढी पानं. एरवी असलं हिरवं दिसलं असतं तर बायकांनी वड्यांसाठी झोडपून नेलं असतं. त्याला कुणी हात लावला नाही.

हसण्यावारी नेता आलं असतं, पण रत्नाचा नळ बंद पडला होता.

काकूंच्या वरच्या दोन घरांना करंगळीएवढी धार यायची. टेकावर नुसती हवा. रत्नाला पाचवा महिना लागला होता. आधी दोनदा राहून टिकलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, वजन उचलायचं नाही, चढउतार करायचा नाही. आणि गल्लीचा हापसा चढाच्या तळाशी. नवरा मारुती गवंडीकामाला बारामतीकडे, महिन्यातून एकदा यायचा. घरी सासू, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"शालनताई, दोन कळशा द्याल का?" पाण्याच्या दिवशी ती माझ्या दारात यायची.

"अगं, मागतेस काय? मीच आणून टाकते." आणि मी टाकायचे. दोन, कधी तीन. सहा दिवसांना दोन कळशा! मला ते कळत होतं. पण माझ्याकडेही दोन पोरं, नवरा, वर शिवणाच्या गिऱ्हाइकांची ये-जा. मनात म्हणायचे, आपण देतोय हेच पुष्कळ.

वॉल्व्ह सोडायला दस्तगीर यायचा. पन्नाशीचा, हाडकुळा, खांद्यावर लोखंडी चावी. रत्नाने त्याला गाठलं.

"दस्तगीरभाई, आमचं पाणी कुटं जातंय वो?"

त्याने चावी जमिनीत पाइपावर टेकवली आणि तिच्या दांड्याला कान लावला. डॉक्टर छातीला लावतात तसा. माझ्या दारापुढे ऐकलं, काकूंच्या दारापुढे ऐकलं, वरच्या अंगाला ऐकलं. मग परत काकूंच्या दाराशी आला आणि बाभळीच्या फांदीकडे बघत उभा राहिला.

"हितनं आत जातंय," तो म्हणाला. "धो धो जातंय."

"आत कुणी न्हाई," वरच्या घरातली म्हातारी म्हणाली. "म्हंजे... हाय, पर..."

"आजी, मेलेलं माणूस पाणी पीत न्हाई. ह्ये बघा, उगडा दार. किल्ली कुणाकडं हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोरांना पदराआड ओढून घेतलं होतं. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

"सहा महिने व्हायचेत," मी म्हणाले. "श्रीपतीने शपथ घातलीय."

"मग म्या बाहेरनं पाइप तोडू का?"

त्यावर गल्ली उसळली. काकूंच्या उंबऱ्यापुढे खणायचं? पाच जण जातील, त्यात आधी कोण जाईल, दस्तगीर का आम्ही? तो बिचारा चावी खांद्यावर टाकून निघाला. जाताना मला एकटीला म्हणाला, "वैनी, तुमाला शाळा शिकलेलं समजत हुतो."

मला त्याचा राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसला. रात्री कपाट उघडून किल्ल्या हातात घेतल्या आणि पोरांकडे पाहून परत ठेवल्या. सहा महिन्यांतले तीन झालेच आहेत, रत्नाला मी पाणी देतेच आहे, मग कशाला विषाची परीक्षा?

फाल्गुन संपत आला होता. रत्नाला आठवा लागला होता. त्या पाण्याच्या दिवशी माझ्याकडे नणंदेच्या सासरचे लोक जेवायला होते. नऊ माणसं. पंगत उठली, ताटं पडली, आणि दारात रत्ना.

"ताई..."

"रत्ना, आज नको गं. घरात माणसं आहेत. उद्या ये, उद्या देते."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. कळशी कमरेवर घेतली आणि वळली. मी ताटं धुवायला बसले. नळ सोडून, धारेखाली, एकेक ताट. पलीकडे काकूंच्या घरात भांडं आपटत होतं, टण्, टण्, आणि मी पाहुण्यांना ते ऐकू जाऊ नये म्हणून माझी भांडी जास्त जोरात आपटत होते.

रत्ना हापशावर गेली. भरलेली कळशी घेऊन अर्धा चढ चढली आणि पाय निसटला. तिला जीपमध्ये घालून नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा होता. पुरा वाढलेला, केस असलेला. मारुतीने ओढ्याकाठी नेऊन ठेवला.

दहाव्या दिवशी ती माझ्याकडे आली. शिवणाच्या चिंध्यांच्या ढिगावर बसली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"ताई, काकूंनीच न्हेलं का वो त्याला?"

"असं बोलू नये."

"न्हाई, स्वामी म्हणले हुते ना, येकटं जात न्हाईत म्हणून. मग म्याच का? मी काय केलंतं त्यांचं? मला तर त्या लेकीसारख्या वागवायच्या." ती रडत नव्हती. हिशेब लावावा तशी बोलत होती. "परवा पाणी येतंय. मी त्यांच्या दारात जानार. इच्यारनार. दारातनं का हुईना, बोलनार. माझ्याशी बोलतील त्या."

मी तिला नको म्हणाले, वेड लागलंय का म्हणाले, खूप काही म्हणाले. ती उठून गेली. मी मशीनवर डोकं टेकून बसले. आणि तेव्हा पहिल्यांदा मला भुतापेक्षा माझीच जास्त भीती वाटली.

परवाच्या दिवशी दोन वाजता बादली भरायला लागली तेव्हा मी किल्ली घेतली. पुढे काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

पाण्याच्या वेळी सगळी गल्ली आपापल्या नळाशी असते. मी ओढ्याच्या अंगाने गेले. अळवाची पानं बाजूला सारली. मागचं कुलूप गंजलेलं, बराच वेळ झटल्यावर निघालं. आत पाऊल टाकलं आणि ते घोट्यापर्यंत पाण्यात गेलं. गार. मी दाराची चौकट धरली.

कौलातल्या काचेतून उजेडाचा एक पट्टा न्हाणीत पडला होता. सगळी फरशी पाण्याखाली. खड्डा काठोकाठ भरून वाहत होता आणि वर काकूंचा तांब्या तरंगत होता, धारेच्या जोराने गरगरत. फिरत फिरत तो दगडी कडेला येऊन आपटला. टण्.

मी उभी राहून बघत राहिले. पुन्हा टण्. एवढंच होतं ते. साडेतीन महिने नवऱ्याने दुपार बाहेर काढली ती या तांब्याला घाबरून. कोरड्या खड्ड्याच्या तळाशी पालथ्या पडलेल्या त्याच तांब्यावर पहिली धार वाजत असणार, तीच ती बादली; आणि पाणी गेलं की भरलेल्या खड्ड्यातलं पाणी रिकामा पाइप उलटं ओढून घेत असणार, आणि तेच ते घोट. मला हसू यायला लागलं. मी गुडघ्यांवर बसले, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि नळ चाचपला.

नळाला चिंधी गुंडाळलेली होती.

ती मी बोटांनीच ओळखली. खणाची, जरीच्या काठाची. माझ्या मशीनखालची. काकू गेल्या त्या सकाळी त्यांना शेवटची अंघोळ घालायची होती. घरात पाणी नव्हतं, दुसऱ्या दिवशी यायचं होतं. कुणीतरी म्हणालं, नळ बघ गं, कधीकधी आधी येतं. मी खड्ड्यात उतरले. काकू नळ इतका आवळून बंद करायच्या की हाताने हलेना. खांद्यावर चिंधी होती ती गुंडाळली आणि जोर करून फिरवला. नळ कोरडा. एक थेंब नाही. बाहेर रडारड चाललेली, कुणीतरी हाक मारली, मी वर आले आणि माझ्या घरातून पाणी आणलं. कोरडा नळ बंद करायचा असतो हे सुचलंच नाही. कोरडाच तर होता.

साडेतीन महिने. अठरा पाणी. अठरा वेळा पाऊण तास.

मी नळ आवळला. चिंधीसकट, दोन्ही हातांनी, मनगट दुखेपर्यंत. खड्ड्यातलं पाणी शांत झालं. तांब्या थांबला. इतकी शांतता त्या घरात झाली की माझा श्वास मला ऐकू यायला लागला. आणि मग वरून, टेकावरून, किंकाळी आली.

"आलं! आत्याबाई, पाणी आलं! नळाला पाणी आलं!"

मला जायला हवं होतं. मागच्या दाराने निघून, कुलूप घालून, घरी. पण मी उठले नाही. कपडे चिंब, हातात चिंधी. चढावरून धावत येणारी पावलं ऐकू आली. ती पुढच्या दाराशी थांबली. घर दोन खणांचंच. दाराला लागून तिचा श्वास ऐकू येत होता.

"काकू," रत्ना म्हणाली. "काकू, मी रत्ना."

मी तोंडावर हात दाबला.

"मी आज भांडाय येनार हुते तुमच्याशी. आनि तुमी त्याच्या आधीच पाणी सोडलंत. तुमाला कळलं न्हवं का, मी येनार म्हणून?" तिची बांगडी दारावर वाजली. "आता माझ्या मनात काय न्हाई. खरंच न्हाई. येकच इच्यारते. त्यो तुमच्यापाशी हाय का? मी त्याला बघितला बी न्हाई नीट. लई लहान हाय वो त्यो, काकू. त्याला येकट्याला काय कळनार? तुमच्यापाशी आसला तर मी परत कदी इच्यारनार न्हाई."

रत्ना, मी आहे आत. चार शब्द होते. दाराआडून नुसते म्हणायचे होते. तुझा मुलगा काकूंनी नेला नाही. मी उघडा ठेवला हा नळ. मीच तुला उद्या ये म्हणाले. आणि मी तशीच पाण्यात बसून राहिले, मांजर पाहिलेल्या उंदरासारखी. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते, रोज वाटते.

"काकू? हायसा का?"

तिचा आवाज आता बारीक झाला होता. आणखी थोडा वेळ थांबली असती आणि मग तशीच गेली असती. उत्तर न मिळता, चढ चढून.

मी तरंगता तांब्या धरला. बुडवून भरला. उंच उचलला आणि खड्ड्यातल्या पाण्यावर त्याची धार सोडली, सावकाश, लहान मुलाच्या डोक्यावर घालतात तशी.

दारापलीकडे काहीतरी टेकल्याचा आवाज आला. तिचं कपाळ असेल. मग तिला रडू फुटलं, दहा-बारा दिवसांचं सगळं एकदम. मी धार थांबवली नाही. तांब्या संपला, पुन्हा भरला.

"बास, काकू," रत्ना हुंदके देत म्हणाली. "हाय तुमच्यापाशी. कळलं मला. आता सांडू नका."

आणि ती चढावर पळत सुटली, कारण वर तिची बादली भरून वाहायला लागली असणार.